पापणी मिटली की नजर खाली गेली?

गेल्या अंकात जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या खोलीत, बसवल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांवर एक टिपण होतं. हा कॅमेरा वॉचवरच्या, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीवरच्या, अधिकाऱ्याचा चेहरा पाहतो, डोळे किती वेळ मिटले ते मोजतो आणि हातात मोबाइल दिसला की घंटा वाजवतो, एवढंच त्यात सांगितलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, आणि बहुतेकांनी नाव छापू नका असं लिहिल्यामुळे सगळीच नावं गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या जहाजावर बीएनडब्ल्यूएएस, म्हणजे वॉचवरचा अधिकारी जागा आहे का हे तपासणारी अलार्म यंत्रणा, आहेच. दर काही मिनिटांनी बटण दाबलं नाही तर कॅप्टनच्या केबिनमध्ये अलार्म जातो. मग वर आणखी कॅमेरा कशाला?
— थर्ड ऑफिसर, देवगड

उत्तर : तुमच्या बीएनडब्ल्यूएएसला एकच गोष्ट कळते, ती म्हणजे कोणीतरी बटण दाबलं. सोलास या जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणातल्या १९व्या नियमानुसार १५० ग्रॉस टन आणि त्यापुढच्या मालवाहू जहाजांना आणि सगळ्या प्रवासी जहाजांना तो सक्तीचा आहे. नव्या जहाजांना १ जुलै २०११ पासून, जुन्यांना पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने. क्रम तुम्हाला पाठ असेल, पण बाकी वाचकांसाठी सांगतो. ३ ते १२ मिनिटं यंत्र गप्प असतं. मग ब्रिजवर दिवा लुकलुकतो. १५ सेकंदांत कोणी हात लावला नाही तर ब्रिजवर आवाज होतो, आणखी १५ सेकंदांनी कॅप्टन किंवा बॅकअप अधिकाऱ्याकडे, आणि त्यानंतर ९० सेकंदांनी इतरांकडे. मोठ्या जहाजावर हे शेवटचे ९० सेकंद ३ मिनिटांपर्यंत वाढवता येतात.

आता हिशोब करा. यंत्र १२ मिनिटांवर लावलंय आणि जहाज १५ नॉटने चाललंय. दिवा पहिल्यांदा लुकलुकेपर्यंत जहाज ३ सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर पुढे गेलेलं असतं. मोकळ्या महासागरात ठीक आहे. सिंगापूरच्या सामुद्रधुनीत तेवढ्यात तीन जहाजांच्या नाकासमोरून जाऊन होतं.

बटण सतत दाबून ठेवलं म्हणून वेळ वाढता कामा नये, असं मानकातच लिहिलंय. त्यामुळे चिकटपट्टी लावण्याची युक्ती चालत नाही. पण ज्या जहाजांवर हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरने वेळ शून्यावर येते, तिथे चार्ट टेबलाचा पडदा पुरतो. जहाज डोलतं, पडदा झुलतो, सेन्सर समाधानी. खुर्चीत पेंगणाऱ्याची मान हलते, तीही त्याला हालचालच वाटते. आणि सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे यंत्र बंदच असतं. २०१३ मध्ये ‘डॅनिओ’ हे मालवाहू जहाज इंग्लंडच्या ईशान्येला फार्न बेटांवर चढलं, तेव्हा वॉचवरचा अधिकारी झोपला होता आणि बीएनडब्ल्यूएएस चालू केलेलंच नव्हतं. मे २०२५ मध्ये नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या फिओर्डमध्ये ‘एनसीएल साल्टेन’ हे कंटेनर जहाज थेट एका घराच्या अंगणात नाक खुपसून थांबलं. तिथेही वॉचवरच्या अधिकाऱ्याला झोप लागली होती.

कॅमेरा झोपेच्या आधीची अवस्था पकडू शकतो, हाच त्याचा खरा उपयोग. पण एक अट घालून घ्या. काही जण सुचवतात की कॅमेऱ्याला उघडे डोळे दिसले की बीएनडब्ल्यूएएस आपोआप रीसेट व्हावं, म्हणजे बटणाची कटकट गेली. हे करू देऊ नका. कॅमेऱ्याला वेळ कमी करण्याचा अधिकार द्या, वाढवण्याचा नको. पापण्या जड दिसल्या तर १२ मिनिटांची ३ झाली पाहिजेत. चेहरा टवटवीत दिसला म्हणून १२ ची १५ होता कामा नयेत.

प्रश्न : शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही वेबकॅम आणि चेहऱ्यावरच्या ६८ बिंदूंचं मॉडेल वापरून झोप ओळखणारी प्रणाली केली. ईएआर (डोळा किती उघडा आहे ते सांगणारं गुणोत्तर) ०.२५च्या खाली सलग २० फ्रेम राहिला की अलार्म. हॉस्टेलच्या टेबलावर झकास चालते. ब्रिज सिम्युलेटरवर नेली तर दर दोन मिनिटांनी बोंब मारते, आणि माणूस खरंच डोळे मिटून बसला की कधीकधी गप्प राहते. कुठे चुकतंय?
— अभियांत्रिकीचे विद्यार्थी, पुणे

उत्तर : बऱ्याच ठिकाणी, आणि त्यातलं बहुतेक तुमच्या कोडच्या बाहेर आहे.

ईएआर काय मोजतो ते आधी. डोळ्याभोवतीच्या सहा बिंदूंपैकी वरच्या आणि खालच्या पापणीमधली दोन उभी अंतरं मिळवायची आणि दोन कोपऱ्यांमधल्या आडव्या अंतराच्या दुपटीने भागायचं. सौकुपोव्हा आणि चेख यांनी २०१६ मध्ये ही पद्धत मांडली, ती पापणी लवली का हे पाहण्यासाठी. उघड्या डोळ्याला साधारण ०.२५ ते ०.३५ येतं, मिटला की आकडा झपकन खाली येतो.

टेबलावर तुमचा मित्र समोर स्क्रीनकडे बघत होता. ब्रिजवरचा माणूस निम्मा वेळ खाली बघतो. एक्डिस (इलेक्ट्रॉनिक नकाशाचा पडदा) खाली, रडार खाली, लॉगबुक त्याहून खाली. नजर खाली गेली की वरची पापणी तिच्यामागे उतरते आणि ईएआर ०.१८ वर येतो. तुमचं यंत्र ज्याला झोप म्हणतंय ते खरं तर काम आहे. या लेखाचं शीर्षक तिथूनच आलं.

यावर पहिला उपाय सॉफ्टवेअरमध्ये नाही, भोकं पाडायच्या ड्रिलमध्ये आहे. कॅमेरा छताच्या कोपऱ्यातून काढा. वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला सगळेच अर्धवट झोपलेले दिसतात. तो कन्सोलच्या कडेला, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीखाली, १५–२० अंश वर तोंड करून बसवा. खाली वळलेला डोळाही मग उघडा दिसतो. त्यानंतर डोक्याचा कोन काढा. तुमच्याकडे बिंदू आहेतच, सॉल्व्हपीएनपी हे तयार फंक्शन वापरून मान किती झुकली ते मिळतं. मान ठरावीक कोनाच्या खाली असताना नुसत्या ईएआरवर अलार्म देऊ नका. तिथे वेगळी खूण शोधा. चार्ट वाचणारा माणूस काही सेकंदांनी नजर वर उचलतो, खिडकीबाहेर बघतो, परत खाली येतो. पेंगणाऱ्याची मान मात्र सावकाश, दोनतीन सेकंद घेत खाली सरकते आणि मग एका झटक्यात वर येते. झुकण्याच्या कोनाचा आलेख काढून बघा : करवतीच्या दात्यासारखा आकार दिसेल, एक बाजू उताराची, दुसरी कड्यासारखी. सिम्युलेटरवर हा आकार ईएआरपेक्षा जास्त भरवशाचा ठरतो.

मग पिक्सेल मोजा. तुमचा वेबकॅम १९२० पिक्सेल रुंद आणि समजा ९० अंश बघणारा आहे. ३ मीटरवर त्याला ६ मीटर रुंदीचं दृश्य दिसतं, म्हणजे मीटरमागे ३२० पिक्सेल. डोळा साधारण ३ सेंटिमीटर रुंद. त्याच्या वाट्याला आले जेमतेम १० पिक्सेल. पापण्यांमधली फट त्यात तीन पिक्सेल, आणि बिंदू एक पिक्सेल इकडेतिकडे झाला की ईएआर तिसऱ्या हिश्शाने बदलतो. तोच सेन्सर ४० अंशांच्या भिंगाने वापरा : ३ मीटरवर २.२ मीटर रुंदी, डोळ्याला २६ पिक्सेल. आता मोजण्यासारखं काहीतरी आलं. अर्थात अरुंद भिंगाला माणूस खुर्चीतून उठला की दिसत नाही, म्हणून ब्रिजवर एका कॅमेऱ्यात काम भागत नाही.

‘सलग २० फ्रेम’ हा नियमही काढून टाका. दिवसा ३० फ्रेमच्या वेगाने २० फ्रेम म्हणजे पाऊण सेकंदाहून कमी. सिम्युलेटरचा अंधार झाला की वेबकॅम एक्सपोजर वाढवतो, वेग १० फ्रेमवर येतो, आणि त्याच २० फ्रेम दोन सेकंदांच्या होतात. तुमचं यंत्र रात्री मंद होतं, म्हणजे नेमकं नको तेव्हा. सगळं वेळेत मोजा. साधी लव ०.१ ते ०.४ सेकंदांची असते. सलग दीड-दोन सेकंद मिटलेले डोळे हा तातडीचा अलार्म. त्याच्या जोडीला पर्क्लॉस ठेवा, म्हणजे गेल्या एक ते तीन मिनिटांत बाहुली ८० टक्क्यांहून जास्त झाकलेली असण्याचा वेळ किती टक्के. १५ टक्क्यांच्या आसपासची रेषा अनेकदा वापरतात, पण ती गाडी चालवणाऱ्यांवरच्या प्रयोगांतून आली आहे. ब्रिजवर ती तुमच्या माणसांवर पुन्हा बसवावी लागेल.

सगळ्यांना एकच ०.२५ हेही चूक. काहींचा पूर्ण उघडा डोळाच ०.२२ देतो. वैयक्तिक पातळी काढा, पण मध्यरात्रीच्या वॉचची पहिली पाच मिनिटं त्यासाठी धरू नका. सेकंड ऑफिसर रात्री बाराला ब्रिजवर येतो तेव्हा तो आधीच अर्ध्या झोपेत असू शकतो. दुपारच्या १२ ते ४ च्या वॉचमधली वरची मूल्यं घ्या.

आता, डोळे खरोखर मिटलेले असताना गप्प का? कारण बिंदू ठेवणारं मॉडेल हट्टी असतं. चेहऱ्यावर हात आला, मान वळली, तरी ते ६८ बिंदू कुठेतरी ठेवतंच, आणि बहुतेक वेळा उघड्या डोळ्याच्या आकारात, कारण शिकताना त्याने उघडे डोळेच जास्त पाहिलेत. डोळ्याचा छोटा तुकडा कापून ‘उघडा की मिटलेला’ एवढंच सांगणारं दुसरं छोटं नेटवर्क शेजारी चालवा आणि दोघांत मतभेद असेल तर उत्तर ‘माहीत नाही’ असं नोंदवा. ही तिसरी अवस्था तुमच्या कोडमध्ये नाहीये, आणि खरा ब्रिज बहुतेक वेळ याच अवस्थेत असतो : दुर्बीण डोळ्याला, पाठ कॅमेऱ्याकडे, चहाचा मग तोंडासमोर. ‘माहीत नाही’ दोनेक मिनिटं टिकलं तर बटण दाबायला सांगा.

शेवटचं, परीक्षकांनी विचारायच्या आत. मित्राला ‘झोपल्याचं नाटक कर’ सांगून काढलेले व्हिडिओ चाचणीला चालत नाहीत. नाटक करणारा डोळे ठामपणे मिटतो. खरा पेंगणारा लढतो, पापणी अर्ध्यावर अडते, नजर काचेसारखी होते. रात्री जागवलेल्या स्वयंसेवकांना दर १५ मिनिटांनी किती झोप येतेय त्याचा कॅरोलिन्स्का मापावर १ ते ९ आकडा विचारा आणि त्याच्याशी ताडून पाहा. आणि एकाच माणसाचे व्हिडिओ शिकवण्यात आणि तपासण्यात दोन्हीकडे वापरले असतील तर तुमची ९९ टक्के अचूकता म्हणजे चेहरा पाठ झाल्याची आहे, झोप ओळखल्याची नव्हे.

प्रश्न : रात्री आम्ही ब्रिजवर सिगारेटचं टोकसुद्धा खपवून घेत नाही. कॅमेऱ्याला उजेड लागणारच. मग नजरेचं काय?
— मास्टर, नेरुळ

उत्तर : रास्त काळजी आहे. डोळा अंधाराला पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं घेतो आणि एका झगमगाटात ती कमाई जाते. कॅमेऱ्याला अवरक्त दिवे लागतात, आणि इथे विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारायचा तो तरंगलांबीचा. ८५० नॅनोमीटरचे दिवे स्वस्त आणि तेजस्वी, पण अंधाऱ्या ब्रिजवर त्यांचा मिणमिणता लाल ठिपका दिसतो. ९४० नॅनोमीटरचा दिसत नाही. बदल्यात कॅमेऱ्याचा सेन्सरही ९४० ला बराच आंधळा होतो, त्यामुळे दिव्यांची संख्या वाढवावी लागते आणि ते शटरच्या ठोक्याशी जुळवून क्षणभरच पेटवावे लागतात. सतत पेटते ठेवून एक्सपोजर लांबवलं तर इंजिनाच्या थरथरीने पापणीची कड फिसकटते. भिंगापुढे फक्त ९४० जाऊ देणारी गाळणी लावली की दिवसाही फायदा होतो, कारण सूर्यप्रकाशातला तो पट्टा हवेतली वाफ बऱ्यापैकी शोषून घेते आणि मावळतीच्या उन्हातही चेहरा उजेडात हरवत नाही.

खरं नुकसान मात्र अवरक्त दिव्याने होत नाही, तर कॅमेऱ्याच्या ‘मी चालू आहे’ सांगणाऱ्या निळ्या ठिपक्याने होतं. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला निळा सगळ्यात जास्त टोचतो. त्यावर काळी टेप लावा. ब्रिजच्या पुढच्या काचा सोलासप्रमाणे वरच्या बाजूने १० ते २५ अंश बाहेर कललेल्या असतात, म्हणून सरळ बघणाऱ्याला त्यात छताचं प्रतिबिंब दिसतं. छताला लावलेला कुठलाही ठिपका थेट क्षितिजावर उमटतो आणि लांबच्या बोटीचा दिवा वाटतो. कॅमेरा खाली बसवण्याचं हे दुसरं कारण.

बसवून झाल्यावर सगळे दिवे मालवून अर्धा तास थांबा आणि कॉनिंगच्या, म्हणजे जहाज चालवणारा उभा राहतो त्या, जागेवरून स्वतः बघा. मग व्हीएचएफ रेडिओ शांत चॅनेलवर ठेवा, स्क्वेल्च (खरखर दाबणारी कळ) आवाज बंद होईल इतकाच वाढवा, आणि कॅमेऱ्याचे दिवे चालू करा. खरखर सुरू झाली तर दिव्यांचं ड्रायव्हर सर्किट रेडिओत घाण सोडतंय, आणि जे व्हीएचएफला बाधतं ते एआयएसलाही, म्हणजे जहाजांची ओळख आणि जागा कळवणाऱ्या यंत्रणेलाही, बाधतं. असं युनिट परत पाठवा. चुंबकीय होकायंत्रापासूनचं सुरक्षित अंतर कॅमेऱ्याच्या पट्टीवर लिहिलेलं असलं पाहिजे. जहाजी उपकरणांची आयईसी ६०९४५ चाचणी आणि दिव्यांसाठी डोळ्यांच्या सुरक्षेचं आयईसी ६२४७१ चं प्रमाणपत्र मागा, कारण तुमचे अधिकारी त्यांच्यासमोर रोज आठ तास बसणार आहेत.

चष्मेवाल्यांसाठी दिवे डावीकडे आणि उजवीकडे असे दोन गटांत आलटून पालटून पेटवतात. एकात काचेवर चकाकी आली तरी दुसऱ्यात डोळा सापडतो.

प्रश्न : मोबाइल, रिकामा ब्रिज, लुकआउट (बाहेर नजर ठेवणारा माणूस) नसणं, खुर्चीत झोपणं हे सगळं एकाच यंत्रणेत मिळेल का? विक्रेता ९९ टक्के अचूकता सांगतो.
— टेक्निकल सुपरिंटेंडंट, अंधेरी

उत्तर : सेकंदाला १० फ्रेम तपासल्या तर तासाला ३६,००० होतात. एक टक्का चूक म्हणजे तासाला ३६० चुकीच्या फ्रेम. त्यांतून किती अलार्म वाजतात हे ९९ या आकड्यातून कळत नाही. विक्रेत्याला एवढंच विचारा : चार तासांच्या वॉचमध्ये खोटे अलार्म किती? उत्तर एकाहून जास्त असेल तर आठवडा संपायच्या आत कोणीतरी स्पीकरवर टेप लावील, आणि आम्ही त्याला दोष देणार नाही.

मोबाइल ओळखणं जितकं सोपं दाखवतात तितकं नाही. बाजारातली तयार मॉडेलं दिवसाच्या रंगीत फोटोंवर शिकलेली असतात. रात्री अवरक्त चित्रात मोबाइलचा पेटलेला पडदा काळा चौकोन दिसतो, कारण पडद्यातून त्या पट्ट्यातला प्रकाश जवळपास निघतच नाही. व्हीएचएफचा हँडसेट, वॉकीटॉकी, कॅल्क्युलेटर हे सगळे त्याचे जुळे भाऊ. म्हणून तुमच्याच ब्रिजवरची, तुमच्याच वॉकीटॉकीची अवरक्त चित्रं घेऊन मॉडेल पुन्हा शिकवावं लागतं. अलार्मसाठी तीन गोष्टी एकत्र धरा : हातात वस्तू, नजर तिच्यावर, आणि हे पाच ते आठ सेकंद टिकणं. धोका काल्पनिक नाही. २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेला ‘प्रिसिला’ खडकावर चढलं, तेव्हा ब्रिजवरचा एकटा अधिकारी मोबाइलवर व्हिडिओ पाहत होता.

रिकामा ब्रिज आणि लुकआउट मोजायला रुंद भिंगाचा वेगळा कॅमेरा लागतो. अंधारात एकट्या अधिकाऱ्याने लुकआउटही सांभाळायचा नाही, ती सवलत एसटीसीडब्ल्यू या प्रशिक्षण आणि पहाऱ्याच्या आंतरराष्ट्रीय करारात फक्त दिवसाउजेडी आणि अटींवर आहे. त्यामुळे रात्री दोन डोकी दिसायला हवीत हा नियम बरोबर आहे. पण लुकआउट बाहेर विंगवर, म्हणजे ब्रिजच्या कडेच्या सज्जात, उभा असेल तर आतल्या कॅमेऱ्याला तो दिसत नाही, आणि खुर्चीच्या पाठीवर टांगलेलं जॅकेट मात्र त्याला हमखास माणूस वाटतं. तीन मिनिटं तसूभर न हललेल्या ‘माणसा’ला मोजणीतून वगळा. विंगच्या दारावर साधा चुंबकी स्विच लावला की बाहेर कोणी गेलंय हे कळतं, त्यासाठी कॅमेरा नको.

यंत्रणेला जहाजाची अवस्थाही कळवा. नांगरावर असताना, धक्क्याला असताना आणि बंदराची वाट दाखवणारा पायलट चढलेला असताना एकच मोजमाप लावलं तर गोंधळच होणार.

प्रश्न : माझे पती चीफ ऑफिसर आहेत. त्यांच्या जहाजावर असा कॅमेरा बसतोय. डुलकी लागली म्हणून ऑफिसला व्हिडिओ गेला तर नोकरी जाईल का?
— मालवण

उत्तर : ते कंपनीने काय लिहून दिलंय त्यावर आहे, म्हणून पतींना ते आधी वाचायला सांगा. जहाजाच्या व्हीडीआरमध्ये, म्हणजे प्रवासाची नोंद ठेवणाऱ्या ‘ब्लॅक बॉक्स’मध्ये, ब्रिजवरचं बोलणं नोंदलं जातं, पण ब्रिजचा व्हिडिओ त्या नियमात बंधनकारक नाही. कॅमेरा हा कंपनीने स्वतःहून घेतलेला निर्णय आहे, आणि त्याचे नियम तिने सांगितले पाहिजेत. चेहऱ्याची प्रक्रिया जहाजावरच्याच संगणकात होते की चित्र किनाऱ्यावर जातं? अलार्मआधीचे आणि नंतरचे काही सेकंद सोडून बाकी चित्रण पुसलं जातं का, आणि किती दिवसांनी? पहिला अलार्म कोणाकडे जातो? आमच्या मते तो कॅप्टनकडेच जावा, किनाऱ्यावर फक्त आकडे जावेत. शिस्तभंगासाठी हे वापरणार नाही असं लेखी आहे का?

भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. युरोपच्या २०२४ च्या एआय कायद्याने कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली, पण अपघात टाळण्यासाठी वैमानिक किंवा चालकांचा थकवा ओळखणं ‘भावना’ या व्याख्येत येत नाही असं त्यातच म्हटलंय. म्हणजे ‘हा अधिकारी नाराज दिसतो’ असा अहवाल देणारं सॉफ्टवेअर आणि ‘याचे डोळे मिटताहेत’ सांगणारं सॉफ्टवेअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रेते दोन्ही एकाच डब्यात विकू पाहतात, तिकडे लक्ष ठेवा.

तुम्हाला कदाचित उलट वाटेल, पण नीट चालवलेला कॅमेरा तुमच्या पतींच्या बाजूने साक्ष देऊ शकतो. नियमाने २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत ७७ तास विश्रांती मिळायला हवी. रोजची विश्रांती जास्तीत जास्त दोन तुकड्यांत, त्यातला एक सलग ६ तासांचा, आणि दोन विश्रांतींमध्ये १४ तासांहून जास्त अंतर नको. कागदावर हे तास बहुतेक जहाजांवर बरोबर भरलेले असतात. एप्रिल २०१० मध्ये ‘शेन नेंग १’ हे कोळशाचं जहाज ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर चढलं. वळण घ्यायची जागा निघून गेली, कारण वॉचवरच्या चीफ मेटला (म्हणजे चीफ ऑफिसरला) आधीच्या साडेअडतीस तासांत जेमतेम अडीच तास झोप मिळाली होती. बंदरात माल भरण्याची देखरेख त्याच्याकडे, आणि जहाज सुटल्यावर वॉचही त्याचाच. ज्या जहाजावर चीफ ऑफिसरच्या पापण्या दर वेळी बंदर सोडल्यानंतरच्या पहिल्या वॉचला जड होतात, तिथे दोष त्याच्या पापण्यांचा नाही. महिन्याभराचे अलार्म तासावार आणि बंदरावार मांडले की हे आपसूक दिसतं. ती मांडणी कंपनी करते का आणि अधिकाऱ्यांना दाखवते का, हे पतींना नक्की विचारायला सांगा.

थोडक्यात : गॉगल चालतो का, असं तिघांनी विचारलंय. पुष्कळ गॉगलांमधून अवरक्त आरपार जातं आणि डोळा स्वच्छ दिसतो, काहींमधून मुळीच जात नाही. ब्रिजवर जे गॉगल वापरात आहेत ते एकेक करून कॅमेऱ्यासमोर धरून पाहा. जांभई मोजावी का? नको. बोलणं, हसणं, तोंडावर हात ठेवणं यात ती हरवते आणि कंटाळलेला ताजा माणूसही जांभया देतो. कॉफी? अंगात भिनायला साधारण अर्धा तास घेते, त्यामुळे अलार्म वाजल्यावर प्यायलेली कॉफी त्या क्षणाच्या कामाची नाही. अलार्म वाजला की उभं राहायचं, लुकआउटला जवळ बोलवायचं आणि कॅप्टनला फोन करायचा.

प्रश्न : मिरकरवाड्याला आमचा ट्रॉलर आहे. परतीच्या रात्री तांडेल सुकाणूवर डुलक्या घेतो. जहाजावरचं हे असलं काही स्वस्तात बसेल का?
— ट्रॉलर मालक, रत्नागिरी

उत्तर : बसेल, पण कॅमेऱ्यापासून सुरुवात करू नका. तुमच्या बोटीला बीएनडब्ल्यूएएसची सक्ती नाही, पण त्याची साधी नक्कल कुठलाही गॅरेजवाला इलेक्ट्रिशियन करून देईल : एक टायमर रिले, एक मोठं बटण, एक पिवळा दिवा, ट्रकचा हॉर्न. ३ मिनिटं, मग १५ सेकंद दिवा, मग हॉर्न. बटण सुकाणूपासून दोन पावलं दूर लावा, म्हणजे उठावं लागेल. हाताच्या टप्प्यात लावलं तर तांडेल झोपेतही ते दाबायला शिकतो. दुसरा हॉर्न खलाशी झोपतात तिथे. बाजारातला छोटा पिझो बझर घेऊ नका, इंजिनाच्या धडधडीत तो ऐकूच येत नाही.

हे दोन महिने नीट चाललं आणि तरी हवाच असेल तर कॅमेरा. एका बाबतीत तुमचं काम जहाजापेक्षा सोपं आहे. केबिन छोटी, तांडेलाचा चेहरा काचेपासून मीटरभरावर, आणि तो बसतो एकाच जागी. रास्पबेरी पायसारखा बोर्ड, अवरक्त गाळणी नसलेला त्याचा नोआयआर कॅमेरा, ९४० चे चारसहा दिवे एवढ्यात भागतं. सुकाणूच्या खांबावर, डोळ्यांच्या खाली.

बिघडतं ते वेगळंच. इंजिन सुरू करताना बॅटरीचा दाब कोसळतो आणि बोर्ड बंद पडून पुन्हा चालू होतो. असं वारंवार झालं की मेमरी कार्डवरचं सगळं सॉफ्टवेअर खराब होतं. म्हणून कार्ड फक्त वाचता येईल असं लावून घ्या आणि १२ किंवा २४ व्होल्टवरून ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर चांगल्या प्रतीचा, स्वतंत्र फ्यूजवर घ्या. खारी हवा कनेक्टर खाते. बोर्डावर संरक्षक लॅकरचा थर द्या, डबा पाणीबंद ठेवा आणि तारा खालच्या बाजूने आत घ्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी आत शिरणार नाही. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, नाहीतर पहाटे भिंगावर धुकं धरतं आणि यंत्राला वाटतं तांडेल गायब झाला.

रिले मात्र उलट्या जोडणीचा घ्या : वीज आहे तोवर हॉर्न गप्प, वीज गेली की हॉर्न चालू. हॉर्नला वेगळी छोटी बॅटरी द्या. दोन्ही एकाच फ्यूजवर घेतली तर फ्यूज उडाल्याचं तुम्हाला सकाळीच कळेल.